डेव्हन रेक्स : कुरळ्या अंगाचे, माणसांवाचून न करमणारे मांजर

डेव्हन रेक्स जातीचे मांजर पहिल्यांदा पाहणाऱ्याला बहुधा ते आजारी असावे असे वाटते. अंगावर जेमतेम लव आणि तीही लाटालाटांची, मिशा आखूड व मोडक्या, मान बारीक, आणि लहानशा त्रिकोणी चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना इतके मोठे व इतके खाली बसलेले कान की चेहऱ्यापेक्षा तेच आधी नजरेत भरतात. आमची भिंगरी व्हिडिओ कॉलवर दिसली की नाशिकची माझी आत्या आमची ख्यालीखुशाली विचारण्याआधी "अगं, हिला पोटभर घालतेस ना?" असे विचारते, आणि तिच्या काळजीत मला काहीच वावगे वाटत नाही, कारण भरगच्च केसांची गुबगुबीत मनी पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना हे रूप पचायला वेळ लागतोच. मात्र या जातीबद्दल छापून येते ते बहुतेक सगळे रूपाबद्दल असते. लोक मांजर घेतात तेही त्या रूपावर भाळून, आणि पुढची दहा-पंधरा वर्षे त्यांना राहायचे असते ते त्याच्या स्वभावाबरोबर. म्हणून मला या स्वभावाबद्दल सविस्तर लिहायचे आहे.

तरी सुरुवात जन्मकथेपासूनच करावी लागेल, कारण ही जात आम्ही राहतो त्या एक्सेटरपासून फार दूर नाही अशा एका लहान गावात जन्मली. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आणि त्याला लागून डेव्हन अशा दोन काउंटी आहेत. २१ जुलै १९५० रोजी कॉर्नवॉलमधील बॉडमिन मूर या माळरानावरच्या एका शेतघरात सेरेना नावाच्या मांजरीला पाच पिल्ले झाली. त्यांपैकी चार साधी होती आणि फिकट बदामी रंगाचा एक बोका मात्र अंगभर कुरळा होता. मालकीण नीना एनिस्मोर यांनी पूर्वी अशाच वेगळ्या केसांचे रेक्स जातीचे ससे पाळलेले असल्यामुळे त्यांना या केसांचे वेगळेपण चटकन उमगले. दुसरी एखादी मालकीण असती तर ते पिल्लू 'विचित्र केसांचे' म्हणून कोणाला तरी देऊन टाकले गेले असते आणि गोष्ट तिथेच संपली असती. नीनाबाईंनी आनुवंशिकीच्या जाणकाराचा सल्ला घेतला, त्याप्रमाणे कॅलिबंकर नावाच्या या बोक्याचा त्याच्याच आईशी संयोग घडवून आणला, आणि पुन्हा कुरळी पिल्ले जन्माला आली. त्यातून कॉर्निश रेक्स ही जात उभी राहिली.

त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी डेव्हनमधील बकफास्टली गावात बेरिल कॉक्स या बाईंच्या घरी दुसरे कुरळे पिल्लू जन्मले. गावाजवळ कथलाची एक बंद पडलेली खाण होती, तिच्या आसपास एक कुरळा रानटी बोका वावरत असे, आणि बाई जिला खाऊपिऊ घालत त्या भटक्या मांजरीला त्याच्यापासूनच पिल्ले झाली असावीत असे मानले जाते. त्यांतल्या काळपट तपकिरी कुरळ्या पिल्लाचे नाव त्यांनी कर्ली ठेवले. कॉर्नवॉलच्या कुरळ्या मांजरांची बातमी तोवर वर्तमानपत्रांतून आलेली असल्यामुळे त्यांनी त्या मांजरांच्या पालकांशी संपर्क साधला, आणि नव्या रक्ताची गरज असलेल्या त्या मंडळींना कर्ली म्हणजे घबाडच वाटला. पण कॉर्निश माद्यांपासून त्याला झालेली पिल्ले एकजात सरळ केसांची निघाली. कुरळ्या आईबापांना कुरळे पिल्लू होऊ नये याचा अर्थ एकच होता : शेजारशेजारच्या दोन काउंटींत, दहा वर्षांच्या अंतराने, दोन निरनिराळ्या जनुकांत स्वतंत्रपणे बदल झाले होते. दोन्ही गुणधर्म अप्रभावी, म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही आल्याशिवाय प्रकट न होणारे. कर्लीचा त्याच्याच मुलीशी संयोग झाल्यावर कुरळी पिल्ले झाली आणि शंका फिटली. १९६७ साली गव्हर्निंग कौन्सिल ऑफ द कॅट फॅन्सी या ब्रिटनमधील नोंदणी संस्थेने दोन्ही जातींना वेगवेगळी मान्यता दिली. आज जगभरात जितकी डेव्हन रेक्स मांजरे आहेत त्या सगळ्यांची वंशावळ मागे नेत गेल्यास कर्लीपाशी पोचते.

बकफास्टली एक्सेटरहून प्लिमथकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डार्टमूर या माळरानाच्या पायथ्याशी आहे. तिथून टॉटनेसपर्यंत वाफेच्या इंजिनाची गाडी चालते आणि पाहुणे आले की आम्ही त्यांना हमखास त्या गाडीत बसवतो. डार्टमूरचा पाऊस, धुके आणि बोचरा वारा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल : इतक्या तुटपुंज्या केसांचा बोका त्या माळावर वाढला, टिकला आणि त्याला पिल्लेही झाली, याचे मला त्याच्या कुरळेपणाहून अधिक नवल वाटते. तो शेवटपर्यंत कोणाच्या हाती लागला नाही.

जनुकांचा उलगडा बराच उशिरा झाला. डेव्हन रेक्सच्या केसांना कारणीभूत असलेला बदल केआरटी७१ या जनुकात असल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. केसाच्या मुळाभोवती जे आवरण असते त्यातील केराटिन हे प्रथिन या जनुकामुळे तयार होते, आणि ते आवरण नीट घडले नाही की केस वाकडा, बारीक व ठिसूळ उगवतो. स्फिंक्स या जवळजवळ केसहीन मांजराचे केस ज्यामुळे जातात तो बदलही याच जनुकातला आहे, म्हणजे दिसायला इतक्या वेगळ्या असलेल्या या दोन जाती मुळात एकाच जनुकाची दोन रूपे आहेत. कॉर्निश रेक्समधील बदल एलपीएआर६ या जनुकात सापडला. माणसांतही हे जनुक बिघडले तर केस जन्मतः विरळ आणि लोकरीसारखे येतात, आणि पाकिस्तानातील काही कुटुंबांच्या अभ्यासातून ते आधीच कळले होते.

प्रत्यक्ष हात फिरवला की ही सगळी माहिती बोटांना जाणवते. साध्या मांजराच्या अंगावर वरचे राठ केस, मधले केस आणि तळची लव असे तीन थर असतात. डेव्हनमध्ये तिन्ही असतात, पण वरचे राठ केस इतके बारीक आणि वेडेवाकडे झालेले असतात की ते तळच्या लवेहून फारसे वेगळे राहत नाहीत. भिंगरीच्या पाठीवर आणि कुशीवर स्पष्ट लाटा आहेत, मानेवर अगदी आखूड दाट लव आहे, आणि पोटावर तर गुलाबी कातडी दिसते. तिच्या मिशा एका बाजूला वळलेल्या, दुसऱ्या बाजूला अर्ध्यावर तुटलेल्या आहेत. पिल्लू असताना अनेक डेव्हनांची लव मध्येच झडते आणि काही महिने ते अगदी ओकेबोके दिसते, नंतर नवी लव येते. ज्यांना हे ठाऊक नसते ते घाबरून डॉक्टरांकडे धावतात. आणि तिला उचलून घेतले की तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या भाकरीची ऊब हाताला लागते. तिचे तापमान इतर मांजरांइतकेच, म्हणजे ३८-३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ती ऊब अडवून धरणारा केसांचा थर नसल्यामुळे आपल्याला ती जास्त जाणवते, आणि त्याच कारणाने तिला थंडीही लवकर वाजते.

इथेच स्वभावाची गोष्ट सुरू होते. डेव्हन सतत माणसाला चिकटून असते याचे कारण फक्त ऊब हवी असणे हे आहे, असे अनेक जण म्हणतात. त्यात तथ्य आहेच. थंडीत ती रात्री दुलईत शिरते आणि गुडघ्यांच्या मागच्या खळगीत जाऊन झोपते, दिवसा खोली तापवणाऱ्या रेडिएटरवरून हलत नाही. पण २०२२ च्या जुलैत ब्रिटनमध्ये पारा प्रथमच चाळीस अंशांच्या पुढे गेला तेव्हा आमचेही घर दिवसभर तापलेले असे आणि आम्ही खिडक्यांचे पडदे ओढून बसत असू. स्वयंपाकघरातली गार फरशी मोकळी होती. तरीही ती माझ्या खुर्चीच्या हातावर, माझ्या दंडाला पाठ लावूनच बसायची. त्या उन्हाळ्यानंतर ऊब हे अर्धेच कारण आहे असे माझे ठाम मत झाले. हिला मुळात सोबत हवी असते.

सोबत म्हणजे नुसते एका खोलीत असणे नव्हे, चालू कामात भाग घेणे. मी पोळ्या लाटायला घेतल्या की ती जमिनीवरून ओट्याच्या कडेवर आणि तिथून माझ्या उजव्या खांद्यावर येते, मान पुढे काढून लाटण्याची ये-जा पाहत राहते, आणि तवा तापून पहिली पोळी फुगली की तिचे कान पुढे वळतात. पाय आखडून ती खांद्यावर अशी काही तोल सांभाळते की मी वळले, वाकले, डबा काढला तरी उतरत नाही. फक्त लोकरीचा स्वेटर अंगात असावा लागतो, कारण घसरण्याची वेळ आली की नखे रुततात. बहुतेक डेव्हन मांजरांना अशी उंच जागा आणि त्यातही माणसाचा खांदा प्रिय असतो. तिच्या मागच्या पायांत मोठी ताकद आहे. अवघे अडीच-तीन किलोंचे हे मांजर (बोके चार-साडेचार किलोंपर्यंत भरतात) दाराच्या वरच्या कडेवर सहज जाऊन बसते.

खाण्याचा हव्यास हा या जातीचा दुसरा ठळक गुण. उकडलेले मटार, मक्याचे दाणे, काकडी, पोळीचा तुकडा, पनीर असे मांजराने ढुंकूनही पाहू नये ते सगळे हिला हवे असते, आणि घास तोंडाशी नेतानाही मधल्या मध्ये पंजा येतो. मराठी घरांत याबाबत जरा अधिक सावध राहावे लागते. कांदा आणि लसूण मांजरांना विषारी असतात, त्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि शिजवल्याने तो धोका जात नाही. आपल्याकडे तर बहुतेक भाज्या-आमट्यांची सुरुवातच त्यांनी होते. त्यामुळे आमच्या ओट्यावर उघडी कढई कधी नसते, खरकटी ताटे लगेच धुतली जातात, आणि कचऱ्याच्या डब्याच्या कपाटाला लहान मुलांसाठी मिळते तसली कडी लावलेली आहे.

ही मांजरे हुशार असतात असे सगळेच सांगतात. मला मात्र हुशारीपेक्षा चिकाटी हा शब्द जास्त पटतो. एखादे दार एकदा उघडले गेलेले तिने पाहिले की ते पुन्हा उघडेपर्यंत ती प्रयत्न सोडत नाही. खाऊच्या आमिषाने तिला बसणे, पंजा देणे, हाक मारल्यावर येणे हे सहज शिकवता आले, फेकलेला कागदी बोळा ती परत आणून पायाशी टाकते. पाहुण्यांना ती बुजत नाही. उलट जो पाहुणा मांजरांपासून दूर सरकून बसतो नेमकी त्याच्याच मांडीवर जाते. आवाज बेताचा, म्याव करण्यापेक्षा घशातल्या घशात किलबिल केल्यासारखा. सयामी मांजराची आर्त आरोळी ज्यांना सहन होत नाही त्यांना ही मोठीच सोय वाटेल.

यावरून या जातीला 'मांजराच्या कातड्यातले कुत्रे' म्हणण्याची पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही. कुत्रा आपल्याला खूष करायला झटतो, भिंगरी स्वतःला जे आवडते ते आपल्या संगतीत करते. नको असलेल्या वेळी उचलले तर ती अंग सैल सोडून, शांतपणे, पण नक्की निसटते. माणसांचा लळा हा मांजराच्याच स्वभावातला एक पदर आहे आणि तो काही जातींत अधिक ठळक असतो. हेलसिंकी विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे ५,७०० मांजरांच्या पालकांकडून माहिती घेऊन २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जातीजातींच्या वर्तनात स्पष्ट फरक आढळले. चपळ व खेळकर जातींत कॉर्निश रेक्स वरच्या क्रमांकावर होती, तर ब्रिटिश शॉर्टहेअर सर्वांत संथ ठरली. ज्या तीन जातींचे त्यांनी अधिक खोलात विश्लेषण केले त्यांच्यात वर्तनातील जवळजवळ निम्मा फरक आनुवंशिक असल्याचे दिसले. उरलेला निम्मा घरावर, संगोपनावर आणि लहानपणी माणसांचा हात किती लागला यावर अवलंबून असतो असे धरले, तर पिल्लू कोणत्या घरात वाढले याची चौकशी रंगाच्या चौकशीआधी करायला हवी.

एकटेपणा या मांजरांना मानवत नाही, आणि इथे स्वभाव व केस यांची गाठ पडते. कंटाळलेले किंवा अस्वस्थ मांजर स्वतःला गरजेपेक्षा जास्त चाटत राहते. साध्या मांजराचे केस त्यात टिकून राहतात, पण डेव्हनचे ठिसूळ केस तुटतात आणि बघता बघता मांड्यांवर, पोटावर टक्कल पडते. त्वचारोग, पिसवा आणि अन्नाची अॅलर्जी यांची तपासणी आधी करून घ्यावीच, पण ती निर्दोष निघाली तर घर दिवसातले किती तास रिकामे असते हे मोजावे.

केस कमी म्हणून अॅलर्जी होत नाही, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे आणि विक्रेते तो आवडीने पसरवतात. माणसांना मांजराची अॅलर्जी होते ती मुख्यतः फेल डी १ या प्रथिनामुळे, आणि ते लाळेत व त्वचेच्या तैलग्रंथींत असते. मांजर अंग चाटते, लाळ वाळते, तिचे सूक्ष्म कण हवेत उडतात. डेव्हनलाही लाळ आहे आणि तैलग्रंथीही आहेत. केस कमी गळतात म्हणून सोफा स्वच्छ राहतो इतकेच. घरात कोणाला दमा किंवा शिंकांचा त्रास असेल तर ज्या घरी अशी मांजरे आहेत तिथे जाऊन काही वेळा तासन्‌तास बसून पाहावे आणि मगच ठरवावे.

देखभालीत विंचरणे जवळजवळ नाहीच. मऊ ओलसर फडका अंगावरून फिरवला की पुरते, जोराने ब्रश केला तर केस तुटतात. मात्र मोठ्या कानांत तपकिरी मळ लवकर साठतो, नखांच्या मुळाशी तेलकट चिकट थर जमतो, आणि काही मांजरांना मालासेझिया या यीस्टमुळे त्वचेचा त्रास होतो. म्हणून दर आठवड्याला कान आणि नखे पाहणे हा आमच्याकडचा नेम आहे.

आता आजारांबद्दल, जे विकत घेण्यापूर्वी विचारायलाच हवे. सीओएलक्यू या जनुकातील दोषामुळे काही डेव्हन पिल्लांचे स्नायू दुबळे राहतात. काही आठवड्यांच्या वयापासून मान खाली झुकते, थोडे खेळून पिल्लू थकते, आणि घास घशात अडकून जीवही जाऊ शकतो. हा दोषही अप्रभावी आहे, त्यासाठी जनुकीय चाचणी उपलब्ध आहे, आणि दोन वाहक (स्वतः निरोगी, पण दोष अंगात बाळगणाऱ्या) मांजरांचा संयोग टाळला तर आजारी पिल्लू जन्मालाच येत नाही. दुसरी गोष्ट रक्तगटाची. साध्या घरगुती मांजरांत बहुतेकांचा गट ए असतो, पण डेव्हन रेक्समध्ये बी गटाचे प्रमाण फार मोठे आहे, काही देशांत चाळीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक. बी गटाच्या आईला ए गटाची पिल्ले झाली तर तिच्या पहिल्या दुधातल्या प्रतिपिंडांनी पिल्लांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि धडधाकट जन्मलेली पिल्ले एक-दोन दिवसांत दगावतात. आईबापांचे गट आधी तपासलेले असले तर पहिल्या दिवशी पिल्लांना दुसरे दूध देऊन ती वाचवता येतात. पुढे कधी शस्त्रक्रियेत रक्त द्यायची वेळ आली तरी गट ठाऊक असणे जिवावरचे संकट टाळते, म्हणून भिंगरीचा गट तिच्या लसीकरणाच्या कार्डावर पहिल्याच पानावर लिहून ठेवलेला आहे.

पुण्या-मुंबईचे ओळखीचे लोक हल्ली विचारतात की हे मांजर आपल्याकडे राहील का. हवामानाची मला फारशी धास्ती वाटत नाही. उकाड्यात पंखा आणि सावली मिळाली तर ते राहील, फक्त उन्हात बसू देऊ नये, कारण विरळ लवेखालची कातडी भाजते, आणि हिवाळ्यात एसी लावून त्याला गारठवू नये. खिडक्यांना जाळ्या हव्यात, कारण ते कशावरही उडी घेते. मला धास्ती वाटते ती त्या घरांची जिथे सकाळी नऊला कुलूप लागते ते रात्री आठला निघते. अशा घराने डेव्हन रेक्स आणू नये हे मी प्रत्येकाला स्पष्ट सांगते. मांजरच हवे असेल तर सोसायटीत जन्मलेल्या देशी पिल्लांची एक जोडी घ्यावी. दोघे एकमेकांत रमतात, आपल्या हवेला सरावलेले असतात, आणि त्यांना घराची गरज अधिक आहे. आणि घरात दिवसभर आजी-आजोबा असतील, कोणी घरून काम करत असेल, आणि तरीही याच जातीवर मन बसले असेल, तर विकणाऱ्याकडे आईबापांच्या सीओएलक्यू चाचणीचे आणि रक्तगटाचे कागद मागावेत, पिल्लू आईजवळ असताना तिथे जाऊन पाहावे, आणि तीन महिन्यांहून लहान पिल्लू कोणी घाईने हातात देत असेल तर तिथून परत फिरावे.